गावातला पैसा, गावातली संस्था: कम्युनिटी फाउंडेशनचं अनुदान नेमकं कशासाठी मागायचं?

ईरीकाठची

नमस्कार मंडळी.

गेल्या आठवड्यात कराडहून शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या एका छोट्या संस्थेचं काम ती बघते. म्हणाली, "तू तिकडे अनुदानाचे अर्ज वाचतेस ना? मग सांग, आमचं घोडं कुठे पेंड खातंय ते." तासभर बोललो तरी माझं समाधान झालं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. ती इथे 'संगमावरची' या नावाने आहे, तीही लिहील.

मी ओहायोत राहते, ईरी सरोवराच्या काठी. आमच्या काउंटीचं एक लहानसं कम्युनिटी फाउंडेशन आहे आणि त्याच्या अर्ज वाचणाऱ्या समितीवर मी सहा वर्षं स्वयंसेवक आहे. कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे एका शहराचा किंवा जिल्ह्याचा कायमचा निधी. तो कुणा एका घराण्याचा नसतो. कुणी मृत्युपत्रात घर लिहून ठेवतं, कुणी आईच्या नावाने थोडी रक्कम ठेवतं, कुणी दर महिन्याला वीस डॉलर देतं. सगळं एकत्र गुंतवायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि साधारण चार-पाच टक्के रक्कम दरवर्षी त्याच भागातल्या संस्थांना द्यायची.

याची सुरुवात आमच्या जवळच्याच क्लीव्हलंडमध्ये झाली, २ जानेवारी १९१४ रोजी. फ्रेडरिक गॉफ हे तिथल्या एका मोठ्या ट्रस्ट बँकेचे अध्यक्ष होते. श्रीमंत माणसं मृत्युपत्रात पैसे कशासाठी वापरायचे ते बांधून ठेवतात, पुढे काळ बदलतो आणि पैसा अडकून बसतो, हे ते रोज बघत होते. सेंट लुईसच्या ब्रायन मुलनफी यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १८५१ मध्ये ते वारले तेव्हा संपत्तीचा तिसरा हिस्सा त्यांनी पश्चिमेकडे वस्तीला निघालेल्या गरीब प्रवाशांसाठी ठेवला होता. पुढे रेल्वे आली, तसे प्रवासी उरले नाहीत, पैसा मात्र उरला. मेलेल्या माणसाचा हात जिवंतांच्या तिजोरीवर, असं या प्रकाराला म्हणत. गॉफ यांनी तोड काढली: पैसा बँकेने सांभाळायचा आणि तो कुठे द्यायचा हे त्या त्या काळातल्या नागरिकांच्या समितीने ठरवायचं. पुढच्याच वर्षी शिकागो आणि बॉस्टनने हे उचललं.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे आधी दोन पानांचं पत्र मागवतो, त्यातून निवडलेल्यांना पूर्ण अर्ज, मग प्रत्यक्ष भेट, मग बैठक. संस्थेकडे ५०१(सी)(३) ही करमाफीची नोंदणी लागते. ती नसेल तर एखादी नोंदणीकृत संस्था त्यांना आपल्या छत्राखाली घेते, पैसे तिच्या खात्यात जातात आणि हिशेबही तीच देते. हे सगळं जमतं. अडतं ते अंदाजपत्रकाशी.

तीन वर्षांपूर्वी एक अर्ज आला. चर्चच्या तळघरात स्वयंपाक करून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना डबे पोचवणारी मंडळी. अन्न फुकट मिळतं, स्वयंपाक करणारे स्वयंसेवक. त्यांनी मागितले होते व्हॅनच्या चालकाच्या पगाराचे साडेचार हजार डॉलर. समितीतल्या तिघांनी ती रक्कम कापून त्याऐवजी नवा फ्रीज द्यायचं सुचवलं. फ्रीजचा फोटो निघतो ना! भेट द्यायची पाळी माझी होती, म्हणून त्या चालकाबरोबर दोन तास व्हॅनमध्ये फिरले. एका दारावर त्याने तीनदा थाप मारली, थांबला, पुन्हा तीनदा मारली. म्हणाला, या आजींना ऐकू कमी येतं आणि उठायला चार मिनिटं लागतात; पाच मिनिटांत दार उघडलं नाही तर मी त्यांच्या मुलीला फोन करतो. हिवाळ्यात दोनदा तो फोन करावा लागला होता.

बैठकीत मी एवढंच सांगितलं. साडेचार हजार पूर्ण मंजूर झाले.

म्हणून माझं म्हणणं हे, की छोट्या संस्थेला द्यायचं तर रोज दार उघडणाऱ्या माणसाच्या पगाराला द्या. आणि अर्ज करणाऱ्यांनी तो पगार 'इतर खर्चा'त लपवू नये. तुमचे अनुभव लिहा, विशेषतः महाराष्ट्रातले.

---

जुनीपानं

छान धागा, ताई. आपल्याकडे मुंबईत १९९१ साली बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच धर्तीवर उभा राहिला.

पण कल्पना आपल्याला परकी नाही. अंताजी दामोदर काळे यांचा पैसाफंड आठवा. माणशी वर्षाला एक पैसा, एवढीच मागणी. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या पैशापैशातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड होता. बायका दळायला बसण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढत आणि ते वसतिगृहातल्या मुलांच्या ताटात जाई. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकून मुलांना जेवू घातलं ते याच वसतिगृहासाठी.

मुष्टिफंडातलं धान्य साठवण्यासाठी नसे, ते शिजवून मुलांना वाढायचं. मुद्दल राखून व्याज वाटणं हा क्लीव्हलंडचा भाग आपल्याकडे फारसा रुजला नाही, त्याला हेही एक कारण असावं.

---

पणजीकर

पणजीत तर मुष्टिफंड नावाचीच शाळा आहे. घराघरातून मूठ मूठ तांदूळ गोळा करून उभी राहिली, म्हणून ते नाव. आजही त्या शाळेसमोरून जाताना बरं वाटतं.

---

रोखठोक

विषय चांगला आहे, पण मला पगाराचा मुद्दा पटत नाही.

मी निवृत्त शिक्षक, नगर जिल्ह्यातला. एका संस्थेला सलग सात वर्षं दर वर्षी पाच हजार दिले. आठव्या वर्षी वार्षिक अहवाल नीट वाचला तर निम्म्याहून जास्त खर्च 'मानधन व प्रवास' या सदराखाली. मुलांच्या वाट्याला किती गेलं ते शोधूनही सापडेना. विचारलं तर नीट उत्तर नाही. तेव्हापासून मी वस्तूच देतो. वह्या, सतरंज्या, पाण्याची टाकी. निदान डोळ्यांना दिसतं.

---

संगमावरची

रोखठोक सर, तुमचा राग मला समजतो. तुमच्या प्रश्नाला उत्तर मिळायला हवं होतं. आमच्याकडे काय होतं ते लिहिते, मग सांगा.

दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, नगर भागातून टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोड चालू. कारखान्याच्या तळावर उसाच्या पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोप्या. पहाटे तीनला बैलगाड्या फडाकडे निघतात. आजी-आजोबांजवळ किंवा गावाकडच्या हंगामी वसतिगृहात राहण्याची सोय झाली ती मुलं मागे राहतात. ज्यांची झाली नाही ती आईबापाबरोबर तळावर येतात. आम्ही त्या तळावर पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग घेतो, सकाळी आठ ते एक.

चार वर्षांपूर्वी एका कंपनीकडून आम्हाला तीस बाकं मिळाली. चांगली, लोखंडी पायांची. हंगाम संपल्यावर शेड रिकामी करून द्यावी लागते, तेव्हा ती बाकं दोन ट्रॉल्यांतून एका ओळखीच्यांच्या गोदामात नेली. पुढच्या वर्षी टोळ्या दुसऱ्या तळावर उतरल्या. बाकं आणायचं भाडं कुणाकडे मागणार? अजून गोदामातच आहेत, आणि ती जागा अडली म्हणून गोदामवाले आमच्यावर नाराज आहेत.

आता आमची खरी अडचण. वर्गात नऊ-दहा वर्षांच्या मुली येतात त्या कडेवर धाकटं भावंड घेऊन. आई फडात, मग बाळ कुणाजवळ ठेवायचं? एका हाताने बाळ सांभाळत दुसऱ्या हाताने पाटी. बाळ रडलं की मुलगी उठून बाहेर जाते, आणि एकदा गेली की त्या दिवशी परत येत नाही. पहिल्या वर्षी हजेरीपट बघून आम्हाला वाटलं मुलींना शिकायची आवड कमी. मग आमच्या शिक्षिकाताईंनी काय केलं, घरून जुनी नऊवारी आणली आणि शेडच्या लोखंडी आडव्याला झोळी बांधली. बाळ झोळीत, दोरी मुलीच्या पायाच्या अंगठ्याला. पायाने झोका द्यायचा आणि हाताने लिहायचं. त्या आठवड्यात तीन मुली पूर्ण पाच तास बसल्या.

पण बाळाचं खाणं, शी-शू, दुखलं-खुपलं हे झोळी करत नाही. म्हणून तळावरचीच एक बाई मदतनीस म्हणून हवी. तिचं पाठीचं दुखणं आहे, त्यामुळे तिला मोळ्या वाहता येत नाहीत, पण बाळं तिच्याकडे लगेच निजतात. तिला दरमहा ६,५०० रुपये, सहा महिने. आम्ही तीन ठिकाणी अर्ज केले. तिन्ही ठिकाणी सगळ्यात आधी हीच रक्कम कापली. एका ठिकाणी तर म्हणाले, "मदतनीस ही शैक्षणिक बाब नाही." दप्तरं देऊ, म्हणाले.

सर, वह्या आम्हाला मिळतात. वही उघडून बसायला मुलीचे दोन्ही हात मोकळे नसतात.

---

ईरीकाठची

अगं, झोळीचं तू मला फोनवर सांगितलंच नाहीस. अर्जात लिहिलंयस का?

---

संगमावरची

नाही. अर्जात 'पाळणाघर सुविधा (अनुषंगिक)' असं लिहिलं होतं. नमुन्यात शंभर शब्दांचीच चौकट होती.

---

ईरीकाठची

तिथेच तर अडलं. अर्ज वाचणारा माणूस एका संध्याकाळी बारा-पंधरा अर्ज वाचतो. 'अनुषंगिक' म्हटलं की पहिली कात्री तिथेच लागते. तू स्वतःच ती बाब दुय्यम आहे असं लिहून दिलंस.

उलटं लिही. पहिलं वाक्य: "तळावरच्या मुली शाळेत बसू शकत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर बाळ असतं." मग मदतनीस, तिचा पगार, मग शिक्षिका, आणि सगळ्यात शेवटी खडू-फळा. हजेरीपटाचे दोन महिने शेजारी शेजारी जोड, झोळीच्या आधीचा आणि नंतरचा. दुसरं काही सिद्ध करायला नको.

आणि आमच्याकडेही सगळं आलबेल आहे असं नाही. फाउंडेशनमधल्या पैशाचा मोठा भाग दात्यांच्या नावाच्या निधीत असतो. कुणाला द्यायचं ते दाता सुचवतो. त्या पैशातून दरवर्षी अमुक इतकं वाटलंच पाहिजे असं केंद्रीय कायद्याचं बंधन नाही. पैसा वर्षानुवर्षं पडून राहू शकतो, दात्याला करसवलत मात्र आधीच मिळालेली असते. मला हे फार खुपतं आणि मी ते बैठकीत बोलते.

---

ताळेबंद

मी छोट्या न्यासांचे हिशेब तपासतो, म्हणून दोन शब्द. थोडं कोरडं वाटेल, पण कामाचं आहे.

पहिलं सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाबद्दल. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त असेल, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. त्यात प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. कित्येक संस्थांना, आणि कंपनीतल्या काही अधिकाऱ्यांनासुद्धा, वाटतं की ही मर्यादा संस्थेच्या पगारांवर आहे. तसं नाही. ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारावर आहे. प्रकल्प राबवण्यासाठी थेट लागणारा खर्च त्यात धरत नाहीत. तुमच्या शिक्षिका आणि मदतनीस हा प्रकल्पाचाच खर्च आहे. पुढच्या वेळी कुणी ५ टक्के म्हणालं तर नम्रपणे नियम दाखवा.

दुसरं कागदांचं. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो. १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) च्या नोंदण्याही तेव्हापासून मुदतीच्या झाल्या. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती मिळते. मुदत संपायच्या आत अर्ज केला नाही तर दाता हातचा जातो. देणगीदारांची माहिती १० बीडी या फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत भरायची, मग देणगीदारासाठी १० बीई प्रमाणपत्र निघतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. छोट्या संस्थेसाठी हे पैसे म्हणजे मदतनिसाचा पगारच.

आणि सगळ्यात जास्त घोळ धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीत असतो. विश्वस्त वारले किंवा बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज टाकायचा असतो. तो राहतो. मग अनुदान देणारा परिशिष्ट एकचा उतारा (विश्वस्तांच्या नावांची सरकारी नोंद) मागतो, त्यात सातपैकी चार नावं दिवंगतांची. बँक खात्यावर सह्या एकाच्या, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. चांगली चांगली अनुदानं इथे अडलेली मी पाहिली आहेत. संगमावरची ताई, तुमचा उतारा आजच काढून बघा.

एक गोष्ट कम्युनिटी फाउंडेशनच्या कल्पनेला थेट अडसर आहे. आपल्याकडे एका न्यासाने दुसऱ्या न्यासाला दिलेल्या रकमेपैकी २०२३-२४ पासून ८५ टक्केच खर्च म्हणून धरली जाते. म्हणजे लोकांकडून गोळा करून छोट्या संस्थांना वाटणाऱ्या न्यासाचं गणित अवघड होतं. गॉफ साहेब आपल्याकडे असते तर त्यांना माझ्यासारखा माणूस सोबत ठेवावा लागला असता.

---

न्यूजर्सीचा नाना

आमच्या इथल्या आठ-दहा घरांना संगमावरची ताईंना पैसे पाठवायची इच्छा आहे. सहा महिन्यांचे ३९,००० म्हणजे आमच्या एका सहलीच्या खर्चाहून कमी. थेट खात्यात पाठवू का?

---

ताळेबंद

नाना, थांबा! संस्थेकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची परवानगी, आहे का?

---

संगमावरची

नाही हो. तीन वर्षांत पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो असं ऐकलं. आमचं सगळं मिळून तेवढं होत नाही.

---

ताळेबंद

मग परदेशी पैसा घेऊ नका, एक रुपयाही नको. २०२० च्या दुरुस्तीनंतर ज्याच्याकडे नोंदणी आहे अशा मोठ्या संस्थेमार्फत घ्यायची वाटही बंद झाली, कारण आता परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

पण फरक लक्षात घ्या. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्यांची मात्र परदेशी धरतात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी. पासपोर्टची प्रत घेऊन ठेवा आणि पावतीवर तशी नोंद करा. आणि नाना, अशा थेट देणगीवर तुम्हाला तिकडे करसवलत मिळणार नाही.

---

न्यूजर्सीचा नाना

सवलत नको. आमच्यात चार घरं भारतीय पासपोर्टवाली आहेत. त्यांना सांगतो.

---

रोखठोक

संगमावरची, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या तालुक्यातूनही दर वर्षी कोयते जातात. माझ्या वर्गातली मुलं दिवाळीनंतर दिसेनाशी व्हायची आणि उन्हाळ्यात परतायची, तेव्हा वाचायला विसरलेली असायची. ती तिकडे कुठे बसतात हे मी तीस वर्षांत कधी पाहिलं नाही.

पगाराला द्यायची माझी तयारी आहे. पण हिशेब बघणार. मस्टर दाखवाल का? आणि मदतनीस बाईंना पैसे हातात देता की खात्यात?

---

संगमावरची

या सर, अवश्य या. मस्टर शेडमध्येच खिळ्याला टांगलेलं असतं, कुणीही बघावं. पैसे खात्यात. तिचं खातं गावाकडच्या बँकेत होतं आणि पासबुक मुकादमाकडे. ते आणून घ्यायला आम्हाला तीन आठवडे लागले.

---

ईरीकाठची

हे पासबुकाचंही अर्जात लिही.

---

संगमावरची

(बरेच दिवस इकडे आले नाही, उशिराबद्दल माफी.)

उतारा काढला. ताळेबंद दादांचं खरं निघालं. आमचे एक संस्थापक दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांचं नाव तसंच होतं. बदल अर्ज टाकला आहे, मुदत उलटली म्हणून विलंबमाफीचा अर्जही सोबत. नवा प्रस्ताव ईरीकाठचीने सांगितल्याप्रमाणे लिहून पाठवला, निकाल उन्हाळ्यात लागेल. पण टोळ्या आत्ता आल्या आहेत, म्हणून थांबलो नाही. गावातच फिरलो. खताचे दुकानदार, दोन डॉक्टर, आमच्या शाळेच्या निवृत्त बाई, रसवंतीवाले, नानांकडची चार घरं, असे सव्वीस जण झाले. प्रत्येकी महिन्याला अडीचशे. जुनीपानं यांच्या प्रतिसादावरून वहीवर 'मुष्टिफंड' असंच लिहिलं आहे.

रोखठोक सर स्वतः एसटीने आले. दोन दिवस राहिले. मस्टर तपासलं, एका तारखेला खाडाखोड होती ती दाखवली, आम्ही तिथे सही घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाढे घेतले. त्यांच्याच तालुक्यातली दोन मुलं निघाली, त्यांनी सरांना बोलीवरून ओळखलं.

मदतनीस बाई सोमवारपासून येतात. पहिल्याच आठवड्यात बाळं चारची सात झाली, कारण शेजारच्या तळावरच्या मुलीही यायला लागल्या. एक झोळी पुरत नाही. दोन जुन्या नऊवारी हव्या आहेत, सुतीच, धुऊन मऊ झालेल्या. नायलॉनची गाठ सुटते. कराड, उंब्रज, इस्लामपूर भागात कुणाकडे असतील तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.